रात्रीची लाईट, बिबट्या आणि सौर फीडर

प्रश्न : नमस्कार, आम्ही जुन्नर तालुक्यातले. आमच्याकडे एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की हे बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातात आणि परत येईपर्यंत बिबट्याच्या भीतीने माझा डोळा लागत नाही. विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे, कनेक्शन जुनंच. सौर पंपाला अर्ज करू का? आणि शेजारचे म्हणतात पडीक तुकडा सौर प्रकल्पाला भाड्याने द्या, त्याचं खरं काय?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून जीव कळवळला, कारण दिवसा लाईट ही शेतकऱ्याची चैन नाही, जिवाचा प्रश्न आहे. आधी सौर पंपाचं सांगते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना ज्यांच्याकडे विजेचं कनेक्शनच नाही त्यांच्यासाठी आहे, १० टक्के पैसे आपण भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के, बाकी अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. तुमचं कनेक्शन आहे म्हणजे तुम्ही त्यात बसत नाही, उगाच एजंटला पैसे देऊ नका.

तुमच्या कामाची आहे ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. यात तुमच्या शेतात काहीच बसवायचं नसतं. सबस्टेशनच्या जवळ सौर प्रकल्प उभा राहतो, त्याची वीज थेट त्या सबस्टेशनला जोडतात आणि तिथून शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतपंपांना जाणाऱ्या लाईनवर, दिवसा सोडतात, तुमची मोटर, तुमची डीपी सगळं तेच. ढग आले तरी मागे नेहमीची लाईन असतेच. मला ही योजना मनापासून पटते कारण ऊन आणि पाण्याची पाळी एकाच वेळी जुळते, वीज साठवायला महागड्या बॅटऱ्या लागत नाहीत आणि पंपांसाठी कोळसा तेवढा कमी जळतो. कोळसा जाळूनच हवामान बदलतंय, पावसाचा ताल आपल्या डोळ्यादेखत बिघडलाय, त्यावरचा शेतातून होणारा एवढा मोठा उपाय मला तरी दुसरा दिसत नाही. राज्यातला या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, ३ मेगावॅटचा.

जमिनीचं शेजाऱ्यांनी सांगितलं ते खरंय. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, मात्र खाजगी जमीन सबस्टेशनपासून साधारण ५ किलोमीटरच्या आत लागते. मालकी तुमचीच राहते. पण करार २५-२६ वर्षं चालतो, म्हणजे तुमची मुलं कर्ती होईपर्यंत तो तुकडा अडकला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना, विशेषतः सातबाऱ्यावर नाव असलेल्या नणंदांना विचारूनच सही करा. पिकाची जमीन मात्र देऊ नका, खडकाळ माळ असेल तरच.

आता एक करा, सबस्टेशनवर जाऊन आपला फीडर सौरवर घेतलाय का ते विचारा. नसेल आणि गावाजवळ गायरान असेल तर ग्रामसभेत विषय काढा, कारण प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीलाही ३ वर्षं दरवर्षी ५ लाख मिळतात, सरपंच ऐकतील. आणि तोवर यांना रात्री एकटं पाठवू नका, दोन-तीन घरांनी मिळून पाळ्या लावा, बरोबर जा, मोठ्याने बोलत जा.