ऑटोपायलटचं नंतर बघू दादा, आधी तो तिसरा हप्ता थांबवा

यावल तालुक्यातल्या एका दादांचं पत्र आलंय. वय ५८, मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर होते, दोन वर्षांपूर्वी कायमचे घरी आले. तीन एकर केळी बटाईने दिलीय. जहाजावरच्या एका जुन्या मित्रासोबत निम्म्या भागीत गोव्यात २६ फुटी शिडाची बोट घेतलीय, जुनीच, आणि तिच्यावर नव्वदच्या दशकातला ऑटोहेल्म कंपनीचा ऑटोपायलट आहे, म्हणजे सुकाणू आपोआप धरणारं यंत्र. तो चालू होतो, स्क्रीन दिसते, पण ऑटोचं बटण दाबलं की दांडा दोन-चार वेळा मागेपुढे होतो आणि मग बीप वाजून सगळं बंद. तिथल्या टेक्निशियनने न उघडताच "बोर्ड गेलाय" म्हणून ३२ हजार सांगितले, नवा बसवायचा तर १ लाख १० हजार. दादांचा प्रश्न एवढाच, की दुरुस्त करू की नवा घेऊ, आणि नवा घ्यायचा तर "बँकेच्या त्या ९ टक्केवाल्या एफडीतून" थोडे पैसे काढता येतील का.

आधी बोटीचं सांगते कारण ते सोपं आहे. माझा मावसभाऊ जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होता, त्याला तुमचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, बोर्ड गेला असता तर बहुतेक स्क्रीनही धड आली नसती, हे वीज कमी पडल्याचं लक्षण वाटतंय. आत फ्लक्सगेट कंपास असतो, तो बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगतो, ठरवलेल्या दिशेपेक्षा फरक पडला की मोटर दांडा ढकलते आणि दांडा सुकाणू फिरवतो. नुसत्या स्क्रीनला वीज जेमतेम लागते, मोटर फिरायला लागली की एकदम जास्त ओढली जाते, आणि डेकवरचा प्लग खाऱ्या हवेने हिरवा पडलेला असेल किंवा वायर बारीक असेल तर तिथेच व्होल्टेज बसतं आणि यंत्र बंद पडतं. तुम्ही स्वतः इंजिनिअर आहात दादा, मल्टिमीटर लावा आणि दांडा हलत असताना प्लगपाशी किती व्होल्ट येतात ते बघा, बॅटरीपाशी नाही, प्लगपाशी. आपल्याकडे बोअरची मोटर बंद पडली तर कोणी आधी पाइप उपसत बसतं का, आधी स्टार्टर बघतो, फ्यूज बघतो, केबल बघतो, तसंच. नवा प्लग, जाड वायर, गरज पडली तर बॅटरी, एवढ्यात काम झालं तर ठीक, नाही तर मग उघडून आत पाणी गेलंय का, बेल्ट आणि मोटरचे कार्बन ब्रश कसे आहेत ते बघायचं. चालू झाल्यावर शांत पाण्यात हळू गोल चकरा मारून कंपास तपासून घ्या. पार्ट शोधताना रेमरीन नावानेही शोधा, कारण ऑटोहेल्म १९९० मध्ये रेथिऑनने घेतलं आणि तोच धंदा पुढे रेमरीन झाला. न उघडता ३२ हजार सांगणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

आणि ऑटोपायलट झाला की बोट टुरिस्टना भाड्याने देऊन वीकेंडला १५ हजार सुटतील असं लिहिलंय, ते डोक्यातून काढा. भाड्याने द्यायची तर वेगळी नोंदणी, तपासणी, प्रवाशांचा विमा, लायसनवाला माणूस, सगळं आलं, आणि जून ते सप्टेंबर बोट बाहेर काढूनच ठेवावी लागते. बोट हा तुमचा शौक आहे, तो शौक म्हणून ठेवा, माझी काही तक्रार नाही.

आता ती ९ टक्केवाली एफडी. दादा, ती एफडी नाहीये, विमा पॉलिसी आहे.

तुम्ही सोबत बँकेतल्या मॅडमनी लिहून दिलेल्या कागदाचा फोटो पाठवलाय. निळ्या पेनाने वर ६०, खाली ११४, बाजूला ९ टक्के आणि त्याभोवती गोल, गोलाखाली दोन रेघा. तो फोटो मी चार वेळा मोठा करून बघितला. पॉलिसीच्या पहिल्या पानावर स्पष्ट आहे, वर्षाला ६ लाख, १० वर्षं भरायचे, आणि १२ वं वर्ष संपल्यापासून १० वर्षं दरसाल ११ लाख ४० हजार मिळणार. म्हणजे ६० भरून १ कोटी १४ लाख. ५४ लाख जास्त आले, ५४ म्हणजे ६० चे ९० टक्के, भागिले १० वर्षं, झाले ९ टक्के. असा हिशोब केळीच्या व्यापाऱ्याने केला तर तुम्ही त्याला बांधावरून परत पाठवाल. पैसे अडकतात १० नाही, २१ वर्षं, आणि खरा दर निघतो साडेपाच टक्क्याच्या आसपास. वर हप्ता ५ लाखांच्या पुढे आहे आणि पॉलिसी एप्रिल २०२३ नंतरची आहे, म्हणून मिळणाऱ्या फायद्यावर करसुद्धा लागणार, हे मॅडमनी सांगितलं नसेलच. जहाजावरून उतरलेल्या, पगार बंद झालेल्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणं याला मी चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणते.

दर कमी आहे हे तरी सोसलं असतं, खरी अडचण तुमच्याकडे हप्ते भरायला पैसेच नाहीत ही आहे. ६४ लाख घेऊन आलात, दोन हप्ते गेले, उरले ५२. घरखर्च बोटीसकट महिना ५५ हजार, वर्षाला ६ लाख ६० हजार. केळीचे साधारण ३ लाख येतात, ५२ लाखांवर सात टक्क्यांनी ३ लाख ६० हजार व्याज. बरोब्बर भागतं, पण हप्ता न भरता. हप्ता मुद्दलातून जायला लागला की पुढच्या वर्षी व्याज कमी, मग खर्चालाही मुद्दल, असं करत करत नववा हप्ता भरला की खातं कोरडं. तेव्हा वय ६४, आणि पॉलिसीचा पहिला पैसा ६८ व्या वर्षी. मधल्या चार वर्षांत काय खाणार? यात महागाई धरलेली नाही, आणि मे महिन्याच्या वादळात एखाद्या वर्षी बाग आडवी झाली तर तेही धरलेलं नाही.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. लगेच सरेंडरही करू नका, कारण दोन हप्त्यांवर सोडली तर हमीची रक्कम भरलेल्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास बसते, १२ लाखांतले साडेतीन-एक लाख हातात येतील. त्यापेक्षा पेड-अप करा. पुढचे हप्ते बंद, पॉलिसी जिवंत, आणि फायदा भरलेल्या प्रमाणात, म्हणजे दहातले दोन हप्ते म्हणून दरसाल साधारण सव्वादोन लाख, ६८ पासून दहा वर्षं. सरेंडर किती आणि पेड-अपला किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, बँकेकडून नाही, आणि माझ्या अंदाजापेक्षा फार कमी आले तर परत लिहा. सोबतच विमा कंपनीकडे लेखी तक्रार टाका की एफडी सांगून पॉलिसी विकली आणि पैसे परत मागा, तो निळ्या पेनाचा कागद जोडा, मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपाल आहे, आपल्या जळगावला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. मिळेलच असं सांगत नाही, पण तुमच्याइतका स्पष्ट कागद लोकांकडे सहसा नसतो.

त्यात अजून एक दिसलं, खातं अजून एनआरई, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचंच आहे. कायमचे घरी आल्यावर ते रेसिडेंट करून घ्यायचं असतं, आणि तेव्हापासून व्याज करमुक्त राहत नाही. तुमच्या उत्पन्नाला कर फारसा येणारही नाही, पण रिटर्नमध्ये दाखवलं नसेल तर सीएकडे जाऊन दोन्ही वर्षांचं नीट करून घ्या, नोटीस यायची वाट बघू नका.

खातं बदललं की १५ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत, वहिनींसोबत जॉइंट, सध्या ७.४ टक्के, महिन्याला ९,२५० रुपये. बाकीच्या साध्या एफडी दोन वर्षांच्या आत मुदत संपणाऱ्या ठेवा, ६० पूर्ण झाले की ३० लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये, सध्या ८.२ टक्के, तिमाहीला ६१,५०० रुपये. सात लाख हाताशी. त्यातून दोघांचा आरोग्य विमा आधी, कारण जहाज कंपनीचं कव्हर काँट्रॅक्टबरोबर संपलं आणि "पॉलिसीत मेडिकल आहे" हेही मॅडमचंच वाक्य आहे, पॉलिसीत तसं काही नाही. शुगरची गोळी चालू आहे ती फॉर्मवर लिहा, जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, म्हणून आजच घ्या.

नव्या ऑटोपायलटमध्ये तुमचा वाटा ५५ हजार. प्लग, वायर, ब्रश सगळं करूनही जुना हलला नाही तर पुढच्या सीझनला घ्या, त्याने घर बसणार नाही, वर्षाच्या एका हप्त्यात असे पाच अख्खे ऑटोपायलट येतात.

हप्त्याची तारीख २० लिहिलीय आणि ऑटो डेबिट चालू आहे, तेव्हा बँकेत सोमवारीच जा. मँडेट, म्हणजे ऑटो डेबिटची परवानगी, रद्द करायचा अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका, मॅडम चहा मागवतील तरी.