रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात किती खोल आहे, ते आधी बघा

भाऊ, तुमच्या भुसावळच्या नव्या घरातल्या माशांच्या टाकीचं स्केच बघितलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो. 6 बाय 2 बाय 2 फुटांची टाकी, पहिल्या मजल्यावरचा हॉल, खाली कॅबिनेटात संप म्हणजे पाणी गाळायची छोटी टाकी, आणि संपातलं पाणी पंपाने वर आणणारा रिटर्नचा पाइप पाण्यात पार निम्म्यापर्यंत उतरवलेला, तळचं पाणी फिरतं राहावं म्हणून. तुम्ही विचारलंय की पंप किती लिटरचा घ्यावा. ते नंतर सांगतो. आधी तो पाइप वर घ्या.

जळगावात माझी टाकी याच मापाची होती आणि पाइप असाच खाली सोडलेला होता. लाइट गेली की पंप थांबतो, पण पाइप पाण्याने भरलेलाच असतो. मग सायफन लागतो आणि वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं संपात यायला लागतं. पाइपाचं तोंड उघडं पडून आत हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही. हिशेब सोपा आहे. आपल्या टाकीचा पृष्ठभाग 12 चौरस फूट, म्हणजे पाणी 1 इंच उतरलं की 1 घनफूट, साधारण 28 लिटर खाली आलं. माझ्या पाइपाचं तोंड 5 इंच खाली होतं, म्हणजे 140 लिटर. संपात मोकळी जागा होती जेमतेम 30 लिटरची, कारण गाळणीचे स्पंज नीट बुडावेत म्हणून मी तो काठोकाठ चालवायचो. तुमच्या स्केचमध्ये तोंड 12 इंच खाली आहे. करा हिशेब.

मलाही हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. दुकानदाराला विचारलं होतं. त्याने नॉन-रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवून दिला आणि म्हणाला, आता लाइट गेली तरी थेंब खाली येणार नाही. सात महिने खरंच आला नाही. मे महिन्यात आम्ही सगळे अमळनेरला पुतणीच्या लग्नाला गेलो. रात्री लाइट गेली. वॉल्व्हच्या झडपेत गोगलगायीचं छोटंसं कवच अडकलेलं होतं, झडप पूर्ण मिटलीच नाही. 110 लिटर पाणी हॉलभर पसरलं आणि जिन्याच्या बाजूने खाली झिरपलं. खालच्या भाडेकरू वहिनींनी वर्षाचा गहू नुकताच भरून ठेवला होता, त्यातली दोन पोती भिजली. पहाटे लाइट आली तेव्हा पंपाने संपातलं पाणी वर ढकललं, पण ओव्हरफ्लोपर्यंत (जिथून जास्तीचं पाणी परत संपात उतरतं) टाकी भरायला तेवढं पाणी उरलंच नव्हतं. पंप कोरडा फिरत राहिला आणि जळाला. आम्ही दुपारी पोचलो तोवर चार मोठे ऑस्कर मासे मेले होते. दोन वर्षं हातातून खायचे ते. पाणी जितकं तापतं तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि आपल्या मे महिन्यात बंद घरात पाण्याची काय गत होते ते तुम्हाला सांगायला नको.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, वॉल्व्हची गॅरंटी नसते. अहो, मग विकताना छातीठोकपणे का सांगितलं? याचा राग अजून गेलेला नाही. वॉल्व्ह लावायचा तर लावा, पण तो आहे म्हणून संपाची जागा कमी धरू नका.

तोंड पाण्याच्या पातळीखाली अर्धा-पाऊण इंचच ठेवा. तळाला प्रवाह हवा असेल तर टाकीत वेगळा छोटा पंप टाका. पाइप खाली न्यायचाच असेल तर चालू पातळीच्या जरासं खाली त्याला हवा शिरायला 5-6 मिलिमीटरची दोन भोकं पाडा, आणि शेवाळ धरतं म्हणून दर महिन्याला काडी फिरवा. मग मासे सोडण्याआधी मेन स्विच बंद करून बघा. सगळं पाणी उतरल्यावर संपाच्या काठाला किमान 2 इंच जागा उरली पाहिजे. तसं होईपर्यंत संपातलं पाणी कमी करा, पुन्हा चालू करा, आणि चालू पंपाची जी पातळी येईल तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही, घरच्यांनाही सांगून ठेवा. इन्व्हर्टर आहे म्हणून ही चाचणी टाळू नका, इन्व्हर्टरही उतरतो.

टाकीतून संपात खाली येणारे पाइप दोन ठेवा, एक चालू आणि एक थोडा उंच, एरवी कोरडा. पहिल्यात पान किंवा मासा अडकला तर दुसरा वाचवतो. ही चैन नव्हे, माझ्या मते सक्तीच आहे.

पंपाबद्दल: टाकी साधारण 680 लिटरची. तासाला चार-पाच फेऱ्या मिळाल्या की पुरे, म्हणजे वर प्रत्यक्षात 3000 लिटर पोचायला हवं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. 5 फूट चढ आणि एल्बो (पाइपाची वळणं) धरले की तो बराच घसरतो, म्हणून उंचीप्रमाणे किती पाणी मिळतं तो तक्ता बघून घ्या.

पाइप-फिटिंगला आपल्याकडे तोटा नाही, ठिबकमुळे जळगावात सगळं मिळतं. पण शेतीचा 32 मिलिमीटरचा पाइप आणि घरगुती प्लंबिंगचा 1 इंची पाइप एक नाहीत. प्लंबिंगचा यूपीव्हीसी पाइप बाहेरून 33.4 मिलिमीटर असतो. दुकानदार सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) जास्त लावून बसवतो म्हणेल. नका ऐकू. दोन्हींपैकी एकच जात घ्या, आणि पंपाशेजारी युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, टाका, नाहीतर साफसफाईच्या वेळी पाइप कापावा लागेल.

अजून एक. उन्हाळ्यात पंखा लावला की पाणी थंड राहतं पण रोज उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. त्यात रोज बोअरचं पाणी ओतलं तर टाकीतलं पाणी क्षारांनी जडच होत जातं. रोजची भर आरओच्या पाण्याची घाला.

मी इंजिनिअर नाही, प्लंबरही नाही, हे सगळं माझ्या एका घरातून शिकलेलं आहे. काच, पाणी, स्टँड आणि संप मिळून वजन टनाच्या आसपास जातं, तेव्हा स्लॅबचं मात्र घर बांधणाऱ्या इंजिनिअरलाच विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर तिला भोक पाडताच येत नाही, फुटून तुकडे होतात. ऑर्डर देण्याआधी ओव्हरफ्लोची जागा आणि रिटर्नच्या तोंडाची खोली इंचांत लिहून पाठवा, मी बघून सांगतो.