मुलगा बाहेरगावी राहून नीटची तयारी करतोय. फोनवर तुटक बोलतो, चिडतो, पण मार्क चांगले आहेत. हे वयाचं आहे की डिप्रेशन? आधीच ओळखून टाळता येतं का?

मार्क चांगले आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. हेच एका बापाला सांगून मी थकले.

लातूरला ट्युशन एरियात माझी मेस आहे. लेकरं डबा नेतात, संध्याकाळी परत आणून देतात. परत आलेला डबा उघडला की कोणाचं काय चाललंय ते बरंचसं कळतं. भेंडी नको असेल तर भेंडी परत येते, पोळ्या संपलेल्या असतात. गावाकडून लाडू-चिवडा आला की दोन दिवस डबा अर्धाच. त्यात काळजीचं काही नसतं.

हिंगोलीकडचा एक पोरगा होता, रिपीटर, म्हणजे नीट पुन्हा देणारा. शेंगदाण्याची चटणी जास्तीची मागून न्यायचा. दिवाळीनंतर त्याचा डबा भरलेलाच यायला लागला. पोळ्यांची गुंडाळी मी केली तशीच, उघडलेलीसुद्धा नाही. मग त्याच्याऐवजी रूम पार्टनर यायला लागला. म्हणाला, "काकू, तो रात्री तीनला उठून बसतो. मोबाइलपण बघत नाही, नुसता बसतो." आणि एक दिवस पोरगा स्वतःच आला : "पुढच्या महिन्यापासून माझा डबा बंद करा, पप्पांचे पैसे उगाच वाया जातात."

मी त्याला बसवून सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का? तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग रडायला लागला.

लगेच वडिलांना फोन लावला. स्वतः शिक्षक माणूस! "ताई, कालच टेस्टचा मेसेज आलाय, सहाशेच्या वर आहे. तुम्ही डब्याचं बघा. परीक्षा होऊ द्या, मग बघू." मग आईला फोन केला. त्या माउलीने दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली. आम्ही दोघी त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला लावलं, कारण त्यानेही माणूस असाच गळून जातो. मग आम्हाला बाहेर काढून त्याच्याशी एकट्याशी बोलले. पुढे गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही चाललं. फरक दिसायला काही आठवडे गेले.

वडिलांचं आजही म्हणणं, "असले प्रश्न विचारून बाईनेच लेकराच्या डोक्यात भरवलं." सर, हे वाचत असाल तर ऐका : विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, असेल तर बाहेर येतो. नंतर तुमच्यासमोरही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. पोरगा डॉक्टर झाला नाही, शेतकी कॉलेजला गेला, याचं खापर माझ्यावर फोडायचं तर खुशाल फोडा.

आता तुमचं. या वयात डिप्रेशन कधीकधी रडण्याऐवजी चिडचिडीतूनही दिसतं, त्यामुळे 'वयाचं आहे' म्हणून सोडून देणं सोपं जातं. चिडचिड बहुतेक दिवस असेल, दोन आठवडे टिकली असेल आणि जोडीला झोप, भूक, आवडीच्या गोष्टी यातलं काही बिघडलं असेल, तर दाखवा. परीक्षेची वाट बघू नका. तुम्ही मार्कांचं लिहिलंत, झोपेचं एक अक्षर नाही. रूम पार्टनरला विचारा, मेसवालीला विचारा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या सुमारे ७ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. सगळे आजार धरून हं, नुसतं डिप्रेशन नाही.

टाळता येतं का? पूर्ण नाही. घरात कोणाला हा आजार असेल तर धोका जास्त, ते डॉक्टरांपासून लपवू नका. झोप कापून अभ्यास करायला लावू नका. रोजच्या फोनमध्ये एक फोन असा ठेवा की ज्यात टेस्टचा विषयच नाही.

मी डॉक्टर नाही. डबा परत आला म्हणजे डिप्रेशनच असंही नाही; आणि डिप्रेशनमध्ये काही लेकरं उलट जास्त खातात, दिवसभर झोपतात. सौम्य असेल तर कधीकधी गोळ्यांशिवायही भागतं, पण ते डॉक्टर ठरवतील. जायचं कुठे कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मात्र तो मरणाचं बोलला तर फोनवर विसंबू नका. त्याला एकटं ठेवू नका, पार्टनरला जवळ बसवा आणि तुम्ही त्याच दिवशी गाडी पकडा.