'सगळे रडत होते आणि हा हसला!'

मूल रडत नाही म्हणून आई-वडील समुपदेशकाकडे येतात, हे ऐकून कुणाला गंमत वाटेल. हट्टीपणा करतो, अभ्यासाला बसत नाही, मोबाइल सोडत नाही, या तक्रारी नेहमीच्याच. पण घरोघरी मोठा टीव्ही आणि ओटीटी आल्यापासून आणखी एक काळजी बऱ्यापैकी वेळा कानावर येते. 'एवढा भयंकर सिनेमा दाखवला मॅडम, पोराच्या डोळ्यांत टिपूस नाही. याला भावना आहेत की नाही?'

त्यातलीच ही एक केस. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई बँकेत, वडील फिरतीच्या नोकरीत, घरात आजोबा, एक धाकटी मुलगी. मुलगा दहावीची परीक्षा देऊन नुकता मोकळा झालेला. सुट्टीत नुसतं लोळण्यापेक्षा काहीतरी चांगलं बघू दे, म्हणून आईनं रविवारी दुपारी 'शिंडलर्स लिस्ट' लावला. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९९३ चा हा सिनेमा. सव्वातीन तासांचा आणि जवळजवळ पूर्ण कृष्णधवल. नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, क्राकूव शहरात कारखाना काढणारा जर्मन उद्योजक ऑस्कर शिंडलर आणि त्यानं कामगार म्हणून यादीत नावं घालून वाचवलेले सुमारे १२०० ज्यू, अशी ती खरी गोष्ट.

त्यात एक प्रसंग आहे. क्राकूवजवळच्या प्लाशूवच्या छळछावणीत बराकीचं बांधकाम चाललंय. कैद्यांमधलीच एक शिकलेली ज्यू तरुणी कमांडंट आमोन ग्योटला सांगते, पाया नीट भरलेला नाही, सगळा काढून नव्यानं ओतायला हवा, नाहीतर इमारत खचेल. ग्योट तिला तिथल्या तिथं गोळी घालायला लावतो. आणि पाठ वळवता वळवता हुकूम सोडतो, ती म्हणाली तसं करा.

इथं मुलगा फिस्सकन हसला.

"मी सिनेमा बंदच केला मॅडम," आई म्हणाल्या. "म्हटलं, माणूस आहेस की कोण! तर हा उठून आत गेला. मग मी एकटीनंच लावला परत, रडत रडत संपवला. तेव्हापासून हा माझ्याशी धड बोलत नाही." त्यानंतरच्या रात्री बाईंनी यूट्यूबवर 'सहानुभूती नसलेली मुलं कशी ओळखावी' छापाचे व्हिडिओ बघण्यात घालवल्या होत्या. त्यातलं एक लक्षण जुळलं की उरलेली आपोआप जुळायला लागतात. लहानपणी मुंगळे मारायचा, मावशी वारली तेव्हा रडला नव्हता, सगळं आठवलं.

मुलाशी एकट्याशी बोलले. पोरगं तयारीनं आलं होतं, आता इथंही झाप पडणार म्हणून. का हसलास, हे मी विचारलंच नाही. त्या प्रसंगात काय घडतं ते सांग म्हटलं. त्यानं बारकाव्यांसकट सांगितलं आणि शेवटी त्याचा आवाज चढला. "येडा आहे का तो? तिचं बरोबर होतं ना? मग मारलं कशाला? आणि मारलं तर परत तेच करा म्हणतो!"

म्हणजे त्या प्रसंगाचं मर्म त्याला बसल्या जागी कळलं होतं. तिची चूक नव्हती, ती बरोबर होती हेच तिचं मरण. पंधरा-सोळा वर्षांच्या डोक्याला हे एकदम पचत नाही. न पचलेलं बाहेर पडायला शरीर जी वाट सापडेल ती धरतं, आणि हसू ही त्यातली अगदी जवळची वाट. मयताच्या घरी सतरंजीवर बसलेली चुलत-मावस भावंडं एकमेकांकडे बघून हसू दाबतात आणि मोठ्यांचे डोळे खातात, हे कुणाच्या घरी झालेलं नाही? त्यांना दुःख नसतं असं थोडंच आहे.

तरीही एक खात्री करून घेणं भाग होतं, कारण प्रत्येक हसू निरागस नसतं. आपल्याकडे हिटलर हे नाव फार स्वस्त झालंय. कडक हेडमास्तर म्हणजे हिटलर, सासरा म्हणजे हिटलर. मुलांच्या ग्रुपवर त्याचे स्टिकर फिरतात, ज्यूंना मारणाऱ्या गॅस चेंबरवरचे विनोद फिरतात. मी सरळ विचारलं. त्यानं मान खाली घालून फोन काढला आणि दोन स्टिकर दाखवले. "आधी माहीत नव्हतं ना, कशावर आहे ते." सिनेमानंतर त्यातला एक त्यानं उडवला होता, दुसरा राहिला होता. हे मी बाईंना लगेच सांगितलं नाही. मुलाचं मुलानं सांगायचं होतं, आणि पुढे त्यानं सांगितलं.

बाईंना मात्र मी ओकलंडची हकीकत सांगितली. जानेवारी १९९४. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या एका शाळेची साठ-सत्तर मुलं हाच सिनेमा बघायला नेली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती त्या दिवशी. एका बाईला गोळी घालण्याच्या प्रसंगी त्यांच्यातली काही हसली, बोलली. बाकीचे प्रेक्षक भडकले. त्यांच्यात नाझी छळातून वाचलेल्यांच्या घरचेही लोक होते. सिनेमा थांबवून मुलांना बाहेर काढलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बातमी देशभर गाजली. मुलं बहुतेक कृष्णवर्णीय, त्यामुळे त्या हसण्यावर ज्यूद्वेषाचा शिक्काही बसला. मग हळूहळू दुसरी बाजू पुढे आली. या मुलांना फारशी कल्पना न देताच नेलं होतं, आणि त्यांच्या वस्त्यांत गोळीबार ही रोजची गोष्ट होती. मुलांनी माफी मागितली, आणि तीनेक महिन्यांनी खुद्द स्पीलबर्ग त्या शाळेत जाऊन मुलांशी बोलला.

बाई जरा सैलावल्या, पण पटलं नव्हतं. "तिकडच्या मुलांचं ठीक आहे. याच्या वाट्याला कुठं आलाय गोळीबार?"

पुढच्या भेटीत मुलाला विचारलं, अर्ध्यावर उठलास, तरी त्यातलं काय डोक्यात राहिलंय? त्यानं उरलेला सिनेमा रात्री मोबाइलवर, कुणाला न सांगता बघून टाकला होता. पण राहिलं होतं ते पहिल्या तासातलंच. "बॅगा." स्टेशनवर लोकांना सांगतात, सामान इथंच ठेवा, नाव नीट लिहा, मागून येईल. गाडी सुटते. बॅगा शेजारच्या गोदामात नेऊन उपड्या करतात. कपडे एकीकडे, फोटो एकीकडे, चांदीची भांडी एकीकडे. "नाव कशाला लिहायला लावलं? म्हणजे त्यांना वाटायला पाहिजे ना, की परत मिळणार." मग नेटवर शोधून त्यानं आउश्वित्झच्या, म्हणजे पोलंडमधल्या नाझी मृत्युछावणीच्या जागी असलेल्या संग्रहालयातल्या बॅगांचे फोटो बघितले होते. तिथं सुमारे ३८०० बॅगा आहेत, त्यातल्या दोन हजारांहून जास्त बॅगांवर मालकाचं नाव आहे. पांढऱ्या रंगातली मोठी अक्षरं, गावाचं नाव, कुठं जन्मतारीख. एका बॅगेवरच्या तारखेवरून त्यानं वय काढलं होतं. आई ज्या रात्री यूट्यूबवर त्याची लक्षणं शोधत होती, त्याच रात्री बहुधा हा शेजारच्या खोलीत ते करत बसला होता.

आणि त्याला राग आला होता. नाझींचा तर होताच, पण त्याहून जास्त त्या लोकांचा. "बसले कसे गाडीत? मी असतो तर पळालो असतो."

हा राग मला मोठ्यांतही खूप दिसतो आणि त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. अत्याचार बघताना असहाय वाटणं इतकं नकोसं असतं, की त्यापेक्षा 'त्यांचंच काहीतरी चुकलं' म्हणणं सोपं जातं. त्यांचं चुकलं असेल तर जगाचा हिशोब नीट लागतो आणि आपण शहाणे म्हणून आपल्यावर ती वेळ येणार नाही, असं मनाला समजावता येतं. बलात्काराच्या बातमीवर 'रात्री बाहेर कशाला गेली' म्हणणारी माणसं हेच करत असतात. यावर 'असं बोलू नये' हा उपाय नाही, उपाय माहितीचा आहे. पळून कुठं जायचं, हे आम्ही मिळून बघितलं. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश निर्वासितांचा प्रश्न सोडवायला जमले आणि जवळजवळ सगळ्यांनी हळहळ व्यक्त करून हात वर केले. मे १९३९ मध्ये सेंट लुईस हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हांबुर्गहून क्युबाला निघालं, प्रवासी बहुतेक ज्यू. क्युबानं जेमतेम २८ जणांना उतरू दिलं, अमेरिकेनंही घेतलं नाही, जहाज युरोपला परतलं. त्यातल्या २५४ जणांचा पुढे बळी गेला. आणि जे लढले तेही होतेच. वॉर्सा घेट्टोचा, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीचा उठाव एप्रिल १९४३ चा, त्रेब्लिंका आणि सोबिबोरच्या छावण्यांतले उठाव त्याच वर्षीचे.

वेळेवर निघालेल्यांतले थोडे मुंबईलाही आले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, मुंबईत आला. आकाशवाणीची सुरुवातीची ओळखधून त्याचीच मानली जाते. "आजोबांच्या रेडिओवर पहाटे लागते ती?" तीच. घरी जाऊन त्यानं आजोबांना हे सांगितलं आणि घरात तो विषय पुन्हा निघाला तो असा, आजोबांमार्फत. आईशी सरळ बोलायला आणखी वेळ लागला.

आता आईकडे वळायला हवं होतं, कारण मुलाचं फार काही बिघडलेलं नव्हतं. त्यांना विचारलं, तुम्ही कुठं रडलात? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. छावणीत तपासणी चालू असताना मुलांना गाणी लावून ट्रकमध्ये बसवून नेतात, आया ट्रकमागे धावतात, तिथं. मग स्वतःच थांबल्या. दहावीनंतर या मुलाला दुसऱ्या शहरात, हॉस्टेलवर ठेवायचं ठरलं होतं. वडिलांचा आग्रह होता, आईचं मन नव्हतं, आणि घरात त्यावर कुणीच धड बोललेलं नव्हतं. त्यांचं रडणं खोटं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण आपण पडद्यावर ज्या दुःखासाठी रडतो त्यात आपलं घरचं बरंच मिसळलेलं असतं, आणि त्या मापानं शेजारी बसलेल्याचं काळीज मोजणं बरोबर नाही.

शिवाय रडून मोकळं होता येतं, हाही एक भाग आहे. या सिनेमाच्या शेवटी वाचलेली खरी माणसं जेरुसलेममध्ये शिंडलरच्या कबरीवर ज्यू रिवाजाप्रमाणे दगड ठेवून जातात, आपण डोळे पुसतो, बरं वाटतं. मारलेल्या ज्यूंची संख्या सुमारे ६० लाख आहे, हे तेवढ्यापुरतं मागे पडतं. मला विचाराल तर त्या घरात सिनेमानं जास्त छळलं होतं मुलालाच.

मग करायचं काय? याबाबतीत पश्चिम जर्मनीचं उदाहरण मला आवडतं. जानेवारी १९७९ मध्ये तिथल्या टीव्हीवर याच विषयावरची चार भागांची अमेरिकन मालिका दाखवली. सुमारे दोन कोटी लोकांनी ती, निदान काही भाग तरी, बघितली. प्रत्येक भागानंतर स्टुडिओत इतिहासकार बसत आणि लोकांचे फोन घेत. हजारोंनी फोन आले. कुणी रडत होतं, कुणी चिडून विचारत होतं की हे आता कशाला उकरता, कुणी आई-वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा जाब विचारत होतं. सगळ्यांना एकच भावना यावी अशी अपेक्षा नव्हती, पण बोलायला जागा ठेवली होती. आपण काय करतो? टीव्ही बंद, 'चला, पानं घ्या', आणि जेवताना 'बघितलंस ना, किती सुखी आहोत आपण'.

'कसं वाटलं?' हा प्रश्न मुलांना परीक्षेसारखा वाटतो, त्याला ठरलेलं उत्तर असतं. त्यापेक्षा 'काय आठवतंय?', 'कुठं कळलं नाही?' विचारावं. सिनेमा सलग संपवलाच पाहिजे असंही नाही. मूल उठून गेलं तर जाऊ द्यावं. चार दिवस गप्प, झोप थोडी उडालेली, हे चालतं. दोन-तीन आठवडे झाले तरी तीच दृश्यं डोळ्यांपुढे येतात, झोप नाही, खाणं सुटलंय, शाळेत जायला नको म्हणतंय, तर जरूर घेऊन या. आणि सिनेमात रडलं की हसलं यापेक्षा घरात बघा. मांजराला, धाकट्या भावंडाला, वर्गातल्या दुबळ्या मुलाला त्रास देताना त्याला मजा येते का? तशी येत असेल तर कुठलाही सिनेमा न बघताही येऊन भेटा.

या मुलाचं तसं काही नव्हतं. हॉस्टेलचा विषय घरात एकदाचा निघाला, वाद झाला, प्रवेश मात्र घेतला. बाईंना अजूनही वाटतं की त्यानं थोडं तरी रडायला हवं होतं. वाटू दे.

जाता जाता त्यांनी विचारलं, धाकटी पाचवीत आहे, ती दादाला सारखं विचारते काय होतं त्या सिनेमात. तिला दाखवू का? मी नको म्हटलं. तिच्या वयाला गोळ्या घालण्याची दृश्यं नकोत. ती विचारतेय ना, तर दादाला सांगू दे, बॅगांपासून.