स्वस्तात मिळणारी जुनी लक्झरी सेदान घेण्याआधी

मित्रा, गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. दहा वर्षांत किंमत पार खाली येते, पण सुटे भाग आणि मजुरी नव्या गाडीच्याच हिशोबाने लागते. सगळं बजेट खरेदीत ओतू नकोस. निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेव.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवायला सांग आणि सकाळी बघ, एखादा कोपरा खाली बसलाय का. इंजिन थंड असतानाच सुरू कर. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर मी तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनमध्ये टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिथवर पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. इंजिनच्या त्या मागच्या बाजूने खडखड ऐकू आली की गाडी सोडून दे.

गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं, असं विक्रेता म्हणेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीदरम्यान ते बदलायला सांगते. त्याचं बिल माग. कमी किमी पण सर्व्हिसची एकही नोंद नाही, यापेक्षा जास्त किमी आणि बिलांची जाड फाइल मला कधीही चालेल.