दुकानात विश्वास कुठे दिसतो?

प्रश्न : सप्रेम सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावी माझे किराणा मालाचे दुकान आहे. रविवारची उपासना मी चुकवत नाही, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) नियमित देतो आणि नाताळात गरिबांना ब्लँकेटे वाटतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने विचारले, "पप्पा, आपण ख्रिस्ती आहोत हे दुकानात कुठे दिसते?" गल्ल्याच्या वर शास्त्रवचनाची पाटी लावावी, असा विचार आहे. खरे सांगायचे तर दुकानातील माणसाचा पंधरा दिवसांचा पगार मी नेहमी मागे ठेवतो, म्हणजे तो अचानक काम सोडत नाही. शिवाय वाटणीवरून थोरल्या भावाशी सहा वर्षे बोलणे नाही. या गोष्टीही विश्वासाच्या कक्षेत येतात का?
– एक वाचक

उत्तर : सप्रेम सलाम. आपण सल्ला पाटीविषयी मागितला आहे. परंतु आपल्या मनाला जे टोचत आहे ते पत्राच्या शेवटी आले आहे. पाटी अवश्य लावा, मात्र ती सर्वांत अधिक वेळा कोण वाचणार, हे आधी ध्यानात घ्या. गिऱ्हाईक पाच मिनिटांत निघून जाते. त्या पाटीखाली उभा राहून दिवसभर तूरडाळ तोलणारा आपला माणूस मात्र ती रोज वाचील आणि पगाराच्या दिवशी हातात पडलेल्या रकमेशी ताडूनही पाहील.

"आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" ही आज्ञा आपल्याला तोंडपाठ असते. ती बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात, १९:१८ मध्ये आहे. त्याच अध्यायात, अवघ्या पाच वचने आधी, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नये असे बजावले आहे, आणि पुढे ३५ व ३६ व्या वचनांत खऱ्या तागडीचा आणि खऱ्या वजनांचा विषय येतो. म्हणजे शेजारप्रीती, मजुरी आणि वजनमाप हे सारे एकाच दमात सांगितलेले आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे या वचनावर, प्रवचने पुष्कळ ऐकू येतात. पाचव्या अध्यायात, अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते असे म्हटले आहे, त्यावर क्वचितच. पुढच्या बाकांवर बहुधा मालकच बसलेले असतात, हेही त्याचे एक कारण असावे.

माणूस टिकावा म्हणून पगार अडवणे हा बाजारातला सर्रास रिवाज आहे, हे मान्य. परंतु ते पैसे त्याच्या घामाचे असून आपण ते जामिनासारखे धरून ठेवले आहेत, आणि नाताळातल्या ब्लँकेटांनी ते फिटत नाहीत. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने (लूक १९) अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, तरी लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे त्याने वेगळे सांगितले. एका हिशेबात दुसरा मिटवला नाही.

दानाची थोरवी कमी करण्याचा हेतू नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा त्यांना एक वेळचे जेवण देऊन त्या थांबल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्तिसदन या आश्रमात मुलींना शिक्षण मिळाले, विणकाम आणि छपाईचे काम शिकवले गेले, आणि बाईंनी मूळ भाषांतून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तेथील छापखान्यातच छापला गेला. त्या आवारात प्रार्थना आणि रोजचे काम यांच्यामध्ये भिंत नव्हती.

तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने मिळते, कर्मांनी विकत घेता येत नाही, हे आपण जाणताच. म्हणून हा पगार देवापुढे पुण्य म्हणून मांडू नये. या आठवड्यात तो चुकता करावा, देताना उपदेश करू नये आणि पुढे महिन्याची ठरलेली तारीख पाळावी. माणूस सोडून गेला, तर दुसरा शोधावा लागेल. ती तोशीस सोसावी.

भावाचा प्रश्न अधिक अवघड आहे. मत्तय ५:२३-२४ हे वचन बारकाईने वाचावे. आपला राग कोणावर आहे, असे प्रभू तेथे विचारत नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असे आठवले तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे सांगतो. चूक कोणाची, याचा निवाडा होईपर्यंत थांबायला त्यात जागा नाही. तेव्हा मध्यस्थ न पाठवता आपण स्वतः जावे, आणि पहिल्या भेटीत वाटणीची कागदपत्रे घरीच ठेवावीत. भाऊ दार उघडील, अशी हमी त्या वचनात दिलेली नाही.