सगळ्या गावाचं बीपी मोजता, मग स्वतःचं कधी?

या वेळी बरीच पत्रं दवाखान्यात काम करणाऱ्यांचीच आली, त्यातली तीन घेतली आहेत.

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वय ४३. पदं रिकामी आहेत म्हणून नाइट लागोपाठ लागतात. परवा नाइट संपवून सहज बीपी पाहिलं तर १५४/९६ निघालं, जागरणाचं असेल म्हणून सोडून दिलं. जिना चढताना किंवा ऑक्सिजनचं सिलिंडर ओढताना छातीत जळजळते, थांबलं की जाते, मी पॅन्टॉप (ॲसिडिटीची गोळी) घेते. आमच्याच इथं ईसीजी काढला, नॉर्मल आला. दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, नंतर उतरलं. काळजीचं आहे का?
– एक सिस्टर, यवतमाळ जिल्हा

उत्तर: हो ताई, आहे. आणि बीपीच्या आधी त्या जळजळीची काळजी करा. ॲसिडिटी जेवणावर वाढते, आडवं पडलं की वाढते, ती जिना बघून येत नाही. मेहनत केली की येते आणि थांबलं की काही मिनिटांत जाते अशी जळजळ अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं होणारी, असू शकते, आणि तो नाही हे तपासून कळेपर्यंत आहे असंच धरून चालायचं. तुमच्याकडं असा पेशंट आला असता तर तुम्हीच त्याला गोळी देऊन घरी पाठवलं नसतं ना? नॉर्मल ईसीजीवर विसंबू नका, पडून आराम करताना काढलेला ईसीजी अंजायनात पुष्कळदा नॉर्मलच येतो. एक-दोन दिवसांतच रजा टाका आणि फिजिशियनला दाखवा, इको (हृदयाची सोनोग्राफी) का स्ट्रेस टेस्ट (चालवून काढलेला ईसीजी) ते ठरवतील. तोवर सिलिंडर दुसऱ्याला ओढू द्या. आणि बसल्याजागी दुखायला लागलं, घाम फुटला, दम लागला, जबड्यात-पाठीत-हातात कळ गेली किंवा नुसतीच मळमळ आणि भयंकर थकवा आला (बायकांमध्ये असंही होतं) तर राउंड संपायची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरला उठवा, ईसीजी काढा, घरी असाल तर १०८ लावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

बाळंतपणातलं बीपी उतरलं म्हणजे विषय संपला असं आपण सगळेच धरतो, पण ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) झाला त्यांना पुढं हार्टच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून ही गोष्ट फिजिशियनला आठवणीनं सांगा, ते विचारायचे राहिले तरी तुम्ही सांगा.

आता ते १५४. जागरणानं बीपी चढतं हे खरं आहे. पण तुमच्या नाइट वर्षानुवर्षं चालू आहेत, मग तुमच्या रक्तवाहिन्यांना तो आकडा रोजचाच झाला असेल. झोप झालेल्या दिवशी, चहा घेऊन अर्धा तास झाल्यावर, लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा आणि मग दंड हृदयाच्या लेव्हलला ठेवून मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. ओपीडीत आपण पेशंटला बोलता बोलता कफ बांधतो तसं नको. आठवडाभर लिहून ठेवा, घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर ते हायपरटेन्शन, म्हणजे कायमचं वाढलेलं बीपी, मग गोळी लागू शकते. पण वॉर्डातल्या स्ट्रिपमधून ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी काढून स्वतःच सुरू करू नका. नाइटला डब्यासोबत लोणचं, पापड, तळलेली मिरची, वरून चिवडा असं होतं, मीठ त्यातूनच जातं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा.

प्रश्न: मी ॲम्बुलन्सवर ड्रायवर हाओ. रातच्याले झोप येते म्हणून खर्रा खातो, दिवसाले चार-पाच पुड्या होतात. दारू नाई, बिडी नाई. खर्ऱ्यानं तोंडाचा रोग होते हे मालूम हाय, पण हार्टले काय होणार हाय?
– चंद्रपूर जिल्हा

उत्तर: होतं दादा, हार्टलाही होतं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, त्यातल्या चुन्यामुळं तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून भराभर रक्तात जातं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. तुम्हाला जी तरतरी वाटते ती हीच. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं होतं, बिडी ओढत नाही म्हणून सुटलो असं नाही. तलफ काही मिनिटंच जोरात असते, तेवढा वेळ बडीशेप, लवंग, पाणी असं काही करा. सरकारची तंबाखू सोडायची फोनलाइन आहे, १८००-११२-३५६, फुकट आहे, मराठीत बोला. झोपेचं मात्र खर्ऱ्यानं भागत नाही, कॉल नसताना वीस मिनिटं डोळा लावा, आणि डोळे मिटायला लागले असतील तर पेशंट घेऊन निघायच्या आधी बिनधास्त सांगा, त्यात लाज नाही.

प्रश्न: पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर आहे. स्टाफसाठी योग दिवस करतो. आणखी काय करता येईल?
– गडचिरोली जिल्हा

उत्तर: योग चालू ठेवा डॉक्टर, पण मला विचाराल तर खरी गोष्ट रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यात आहे. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओनं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ मध्ये मांडलंय की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के जास्त. तुमच्याकडं कोणाचे किती तास होतात ते एकदा मांडून वर पाठवा, पद भरलं जावो न जावो, कागदावर तर येईल. तीस वर्षांवरच्या सगळ्या गावाचं एनसीडी स्क्रीनिंग (बीपी, शुगर अशा असंसर्गजन्य आजारांची तपासणी) तुमचीच माणसं करतात, त्याच रजिस्टरला पहिलं पान स्टाफचं करा, शिपाई, सफाई कामगार, आशाताई, तुम्ही स्वतः, सगळे. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या बीपीच्या सरकारी कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे वर्धा आणि भंडारा होते, तिथं पेशंटला कार्ड देऊन महिन्याला बोलावतात आणि आला नाही तर फोन करतात, तसंच कार्ड ज्या स्टाफचं बीपी निघेल त्यालाही द्या. आणि नाइट करून निघालेल्या सिस्टरला सकाळच्या मीटिंगला बसवू नका.